आधी नवऱ्याची तपासणी, मग मुलांची

प्रश्न: माझे धाकटे दीर खेळता खेळता अचानक गेले. हृदयाचा स्नायू जाड झाला होता, असं पोस्टमॉर्टेममध्ये आलं. तेव्हापासून आमच्या दोन्ही मुलांची जनुकीय चाचणी करून घ्यावी असं मला वाटतंय. मोठीचं पोहणंही बंद केलंय. सासरच्या लोकांना हा विषय काढलेला आवडत नाही.

उत्तर: मुलांची चाचणी तूर्त राहू द्या. पहिला नंबर तुमच्या नवऱ्याचा.

ज्या आजाराचं नाव तुमच्याकडच्या रिपोर्टमध्ये असेल, तो बहुधा हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. तो साधारण 500 माणसांत एकाला असतो, म्हणजे दुर्मीळ म्हणावा असाही नाही. आई किंवा वडिलांपैकी एकात त्याचा जनुकीय दोष असला तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. मोठीत उतरला म्हणून धाकटा सुटला, असा हिशोब इथे चालत नाही. पण नवऱ्यातच तो दोष नसेल, तर त्यांच्याकडून मुलांकडे येण्याचा प्रश्नच उरत नाही.

म्हणून त्यांचा ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) आधी करा. जनुकीय चाचणीचा खरा उपयोग मात्र दिरांच्या नमुन्यापासून सुरू होतो. पोस्टमॉर्टेमच्या वेळचं रक्त किंवा ऊती जपून ठेवल्या आहेत का, हे पोस्टमॉर्टेम झालं त्या रुग्णालयात कुणाला तरी विचारायला लावा. कोणत्या जनुकात बिघाड आहे हेच माहीत नसताना धडधाकट माणसाची चाचणी ‘निगेटिव्ह’ आली, तर तिच्यावर विसंबता येत नाही. उलटही होतं. एमवायबीपीसी3 या जनुकातला एक बदल भारतीय उपखंडातल्या सुमारे 4 टक्के लोकांत सापडतो, हे 2009 साली प्रसिद्ध झालं. तो असलेले पुष्कळ जण आयुष्यभर ठणठणीत राहतात. तुम्ही परदेशात असाल तर तिथल्या डॉक्टरांना हे ठाऊक असेलच असं नाही, त्यामुळे रिपोर्ट जेनेटिक कौन्सेलरसोबत, म्हणजे अशा चाचण्यांचा अर्थ समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञासोबत, बसूनच वाचा. अमेरिकेत राहत असाल तर आणखी एक: जनुकीय माहितीवरून होणारा भेदभाव रोखणारा 2008 चा जिना कायदा आरोग्य विम्यात आणि नोकरीत संरक्षण देतो, जीवन विम्यात नाही. चाचणीआधी हे माहीत असलेलं बरं.

आता सासरचं. मौन समजू शकते; मुलगा गेलाय. पण तुम्हाला हवी ती माहिती त्यांच्याकडेच आहे. आपल्याकडे अचानक गेलेल्या प्रत्येकाला ‘अटॅक आला’ म्हणतात. म्हणून कारण विचारू नका, प्रसंग विचारा. चाळिशीच्या आत कोण गेलं? कुणी धावताना किंवा पोहताना कोसळलं का? कुणाला फिट येत होत्या का? पेसमेकर कुणाला आहे? फोन नवऱ्यानेच करावा, आणि आईला नव्हे, चुलत्यांना किंवा आत्याला. सून विचारते तेव्हा उगाच चौकशीचा वास येतो.

मोठीचं पोहणं? डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि ती भेट लांबवू नका. तोवर स्पर्धा थांबवा, खेळ नव्हे. मात्र पळताना चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, व्यायामात बेशुद्ध होणं, यातलं काहीही झालं तर खेळ तिथेच बंद आणि तातडीने डॉक्टर. शाळेच्या नर्सला आणि प्रशिक्षकाला कळवा. हृदयाला शॉक देणारं एईडी यंत्र कुठे ठेवलंय, हेही विचारून ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही.

नवऱ्यात दोष सापडलाच, तर मुलांची तपासणी एकदा करून भागत नाही. स्नायू बहुतेकदा किशोरवयात जाड होऊ लागतो, त्यामुळे या वयात इको साधारण वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा करतात.

आणि मुलीला सांगा. काका कशाने गेले हे ती कुठून ना कुठून ऐकणारच, मग अर्धवट ऐकण्यापेक्षा तुमच्याकडून नीट ऐकू दे. ‘काकांच्या हृदयाचा स्नायू जाड होता. बाबांचं बघतोय, गरज पडली तर तुझंही बघू,’ एवढं पुरे. पुढचे प्रश्न तीच विचारेल.