वाचकांचे प्रश्न : मलप्रभा उलटी का वाहते?

प्रश्न : कणकुंबीहून चोर्ला घाट उतरला की गोवा लागतंच, मग मलप्रभा एवढ्या जवळचा समुद्र सोडून पूर्वेकडं का जाते? आणि पोरांना घेऊन बघायला जायचं तर कुठं? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : कारण उतार तिकडंच आहे हो. सह्याद्री गोव्याच्या बाजूला कड्यासारखा तुटलाय, पण आपल्या बाजूला हळूहळू उतरत जातो, आणि कणकुंबी नेमकी या पाणलोटाच्या कण्याजवळ आहे. त्यामुळं माउलीच्या देवळापाशी उगम पावलेली मलप्रभा खानापूरवरनं सौंदत्तीकडं जाते, तिथं नविलुतीर्थाला डोंगर कापून बाहेर पडते, तिथंच धरण पण आहे, मग पट्टदकल, ऐहोळेच्या देवळांजवळनं जात सुमारे 304 किमीवर कूडलसंगमला कृष्णेत मिसळते, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागरात. आणि म्हादई बघा, ती पण आपल्याच खानापूर तालुक्यातली, पण भीमगडच्या रानातनं पश्चिमेकडं वळते नि गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते! एकाच तालुक्यातला पाऊस दोन समुद्रांना जातो, हे पोरांना नकाशावर बोट ठेवून दाखवाच.

जायचं तर पावसाळा ओसरल्यावर कणकुंबी करा, जांभ्याची लाल माती आणि दाट झाडी बघून जीव सुखावतो. खानापूरजवळ असोग्याला रामलिंगेश्वराचं देऊळ अगदी नदीकाठी आहे, पण तिथं खडक शेवाळलेले असतात, पोरांचा हात सोडू नका. भर पावसात मात्र पात्रात कुणीच उतरायचं नाही, वरती घाटात पाऊस पडला की इथं ऊन असलं तरी पाणी चढतं.