बदकं पडेनात

काका, नमस्कार. माळा आवरताना लहानपणचा व्हिडिओ गेम सापडला. दोन रिमोट, एक बंदूक आणि '9999999 इन 1' लिहिलेली पिवळी कॅसेट. पोरगा चौथीत आहे, त्याला दाखवावं म्हटलं. नव्या टीव्हीला जोडला तर मारिओ चालतो, मधेच अडकतो, फुंकर मारली की परत चालतो. पण बंदुकीनं बदकं मारायच्या गेममध्ये एकही बदक पडत नाही. बंदूक गेली का? – एक वाचक, खानापूर

बंदूक शाबूत असणार. गेलाय तो तुमचा जुना डबा टीव्ही.

शहापुरात टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मागच्या खोलीत मी दोन गेम लावले होते, तासाला चार रुपये. एक पोरगा होता, बदकं सोडून छताच्या बल्बवर नेम धरायचा. 'काय करूलास रे?' विचारलं तर म्हणाला, बंदुकीला उजेड दिसला की बदक पडतं, मग बल्ब काय वाईट? पोराचं अर्धं बरोबर होतं. बंदुकीतून काही सुटत नाही, ती नुसती बघते. नळीत भिंग आणि उजेड ओळखणारा एक बारका भाग असतो. घोडा दाबला की क्षणभर पडदा पूर्ण काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. आधी अंधार, मग उजेड, असं दिसलं तरच नेम लागला. बल्ब आधीही उजेडच दाखवतो, म्हणून पोराची चलाखी फुकट गेली. बदकं दोन असली तर चौकोनही एकापाठोपाठ एक येतात, त्यावरून कुठलं पडलं ते कळतं.

यातली एकेक पायरी सेकंदाच्या पन्नासाव्या-साठाव्या भागात उरकते. पिक्चर ट्यूबवर चित्र आलं त्या क्षणी उमटायचं. नवा टीव्ही मात्र चित्र आधी हातात घेतो, घासूनपुसून मोठं करतो, मग दाखवतो. तोवर बंदूक बघून मोकळी झालेली असते. शिवाय ती बंदूक ट्यूबच्या लुकलुकीवरच बेतलेली, सपाट पडद्याचा संथ उजेड तिला उजेड वाटतच नाही. म्हणून जुन्या गेमचं चित्र नव्या टीव्हीसाठी बदलणाऱ्या कन्व्हर्टरवर पैसे घालू नका, चित्राला त्यानं आणखी उशीर होईल. भंगारवाल्याकडे किंवा एखाद्या आत्याच्या घरी कापडाखाली झाकलेला 14 इंची ट्यूबचा टीव्ही मिळतो का बघा.

आता फुंकरीचं. ती आधी बंद करा. आपण सगळ्यांनी मारली, मीही मारली. चालायचं ते फुंकरीनं नव्हे, कॅसेट काढून परत बसवल्यानं. तोंडातल्या ओलीनं कॅसेटच्या आतल्या पत्र्या काळ्या पडतात, त्यात खानापूरचा पाऊस. आयसोप्रोपिल अल्कोहोल कानकाडीच्या कापसाला लावून पत्र्या पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा. अ‍ॅडॅप्टर जुनाच असेल तर ठीक. नवा घेणार असाल तर नुसते व्होल्ट बघू नका, पिनेच्या आत प्लस आहे की मायनस तेही मशीनवरच्या खुणेशी जुळवा. उलटा लागला तर मात्र मशीन खरंच जाईल.

आणि 9999999 गेम मोजायला पोराला बसवू नका. तेच मूठभर गेम नावं आणि लेव्हल बदलून परत परत येतात. कॉन्ट्रा असला तर त्याला एवढं शिकवा: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तीस जीव. ही बटणांची युक्ती काझुहिसा हाशिमोतो नावाच्या जपानी माणसानं 1986 च्या ग्रेडियस गेमसाठी केली, कारण तपासताना त्याला स्वतःलाच तो गेम पार करता येईना!

काका, मी आणि मैत्रिणीनं 22 पानांचं कॉमिक काढलंय, बेळगाव-निपाणी बसमधल्या एका भुताचं. 100 प्रती स्वखर्चानं छापणार. प्रेसवाले म्हणतात दोन पानं वाढवा नाहीतर काढा. आणि पुण्याचा एक जण म्हणतो भाषा शुद्ध करा. – निपाणीची वाचक

प्रेसवाल्यांचं ऐक. मधोमध पिना मारायच्या तर एक कागद दुमडला की चार पानं होतात, त्यामुळे आतली पानं 20 नाहीतर 24. काढू नकोस. वाढव, आणि त्या दोन पानांवर बसचा आतला नकाशा काढ, कुठल्या सीटवर कोण बसलंय. दुमडीकडच्या बाजूला संवादाचे फुगे चिकटवू नकोस, अक्षरं पिनेत जातात.

पुण्याच्या माणसाचं ऐकू नकोस. 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झालं, तेव्हा अमेरिकेचा मुखवटेवाला नायक फँटम मराठीत 'वेताळ' झाला. आमच्याकडे कुणी विचारलं नाही हा कोण, गावाच्या वेशीवरचा वेताळ सगळ्यांना ठाऊक होता. मुखवटा परका, नाव घरचं, आणि आम्ही पोरं त्याच्यासाठी रांगेत. तुझं तर भूतही इथलंच. ते 'मी येत आहे' म्हणालं तर निपाणीत कोण घाबरणार? कंडक्टरला कानडीत 'मुंद होगरी' म्हणू दे, खाली अर्थ देऊ नकोस. माणसं पुढे सरकताना दाखव, पुण्यालाही कळेल.

छापून झालं की एक प्रत मला ठेव. पैसे देऊन घेईन, फुकट पाठवलीस तर परत करीन.