वाचकांचे प्रश्न : सिग्नलला थरथरणारी गाडी

प्रश्न : माझ्याकडे १९९६ची, कार्ब्युरेटरवर (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागावर) चालणारी मारुती ८०० आहे. घोडबंदर रस्त्यावर ती विनातक्रार धावते; मात्र कापूरबावडीच्या सिग्नलला थांबलो की इंजिन मिसिंग करते (मधूनच ठोका चुकते) आणि कधी बंदही पडते. चोक थोडा ओढला की ते सुरळीत चालते. प्लग नवे घातले, हवा-पेट्रोलचे प्रमाण जुळवणारा मिक्स्चर स्क्रूही फिरवून घेतला, पण फरक पडला नाही. दोष कशात असावा?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : चोकविषयीचे आपले निरीक्षण फार मोलाचे आहे. चोक ओढल्यावर हवेच्या मानाने पेट्रोल वाढते. त्याने इंजिन सुधारत असेल, तर एरवी त्याला पेट्रोल कमी पडते आहे किंवा कोठून तरी जादा हवा मिळते आहे, असे समजावे. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन संथ चालते तेव्हा, थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा पडदा) जवळजवळ मिटलेला असल्याने इंजिन मुळात थोडीच हवा घेते, आणि म्हणून एखाद्या तडकलेल्या पाइपातून शिरणारी किंचित हवाही मिश्रण बिघडवते. वेगात तीच गळती जाणवत नाही.

प्रथम इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्डला (मिश्रण सिलिंडरांत नेणाऱ्या नळीला) जोडलेले रबरी व्हॅक्यूम पाइप एकेक करून चिमटून बघावेत. ज्याने थरथर थांबेल, तो पाइप किंवा त्याच्या पुढचा भाग हवा खेचतो आहे. कार्ब्युरेटरखालचे गॅस्केट (सांधा हवाबंद ठेवणारी पट्टी) आणि त्याचे नट तपासावेत. गळती शोधण्यासाठी तापलेल्या इंजिनवर पेट्रोल शिंपडण्याची पद्धत मात्र कृपया टाळावी. आग लागू शकते.

गळती नसेल, तर आयडलिंगचा जेट (त्या वेळी पेट्रोल सोडणारा छिद्राचा भाग) तुंबला असावा. त्याचे छिद्र अतिशय बारीक असते आणि गाडी वेगात असताना मुख्य जेट काम करत असल्याने तेव्हा हा दोष लपतो. क्लीनरने व दाबाच्या हवेने तो साफ करावा. तार घालू नये, कारण छिद्र मोठे झाले की तो जेट निकामीच झाला.

मिक्स्चर स्क्रूला हात यानंतरच लावावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. इंजिन पुरते तापवून, चोक पूर्ण आत ढकलून, आयडलिंग सर्वांत सुरळीत होईल तेथे तो ठेवावा आणि मग आयडलिंगचा वेग जुळवावा. तीन सिलिंडरच्या इंजिनाची थोडी थरथर त्यानंतरही राहील; ती दोष नव्हे.