पाच देशांची संरक्षण व्यवस्था: ब्रिटन खरंच लढायला येईल का?

तुमचे प्रश्न दोन. मलेशिया किंवा सिंगापूरवर हल्ला झाला तर १९७१ च्या करारानुसार ब्रिटनला लढावंच लागेल का? आणि इंडोनेशियाला बाहेर का ठेवलं?

पहिल्याचं उत्तर: नाही. एप्रिल १९७१ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मलेशिया आणि सिंगापूर यांनी लंडनला जे निवेदन काढलं, त्यात बंधन आहे ते फक्त ताबडतोब सल्लामसलत करण्याचं. पुढे काय करायचं, एकत्र की आपापलं, ते तेव्हा ठरवायचं. म्हणजे काहीही न करण्याचीसुद्धा मुभा आहे. त्याआधीचा १९५७ चा करार मात्र कडक होता. मलायाच्या (पुढे मलेशिया झालेल्या देशाच्या) संरक्षणाची जबाबदारी ब्रिटनने घेतली होती, आणि १९६३ ते ६६ मध्ये सुकार्नोंच्या इंडोनेशियाने मलेशियाशी उघड वैर मांडलं तेव्हा बोर्निओच्या जंगलात ती निभावलीही. पण पैसा संपला. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं आणि जानेवारी १९६८ मध्ये पंतप्रधान विल्सन यांनी १९७१ अखेर मलेशिया-सिंगापूरमधल्या लष्करी तळांवरून गाशा गुंडाळणार असल्याचं जाहीर केलं. सिंगापूरच्या पोटात गोळा आला, कारण देशाच्या उत्पन्नाचा अंदाजे पाचवा हिस्सा त्या तळांवर अवलंबून होता.

मग असला कागदी वाघ ५० वर्षांहून जास्त टिकला कसा? माझ्या मते त्याचं उत्तर पेनांगसमोरच्या बटरवर्थच्या विमानतळावर आहे. तिथे संयुक्त हवाई संरक्षणाचं मुख्यालय आहे. तळ मलेशियाचा, प्रमुख ऑस्ट्रेलियन एअर व्हाइस मार्शल, आणि हाताखाली पाचही देशांचे अधिकारी. सिंगापूर इतकं चिमुकलं की लढाऊ विमान ते काही मिनिटांत ओलांडतं. इशारा वेळेवर हवा तर मलेशियाच्या आकाशातलं दिसायला हवं. पण १९६५ ला भांडून वेगळे झालेले हे दोघे एकमेकांच्या हाताखाली काम करणं अवघडच होतं. पाणी, बेटं, हवाई हद्द, वाद कायम चालूच. तिऱ्हाइताचा माणूस खुर्चीत बसला की दोघांचीही अब्रू राहते. १९९८ मध्ये मलेशिया रुसून सरावातून बाहेर पडला (आर्थिक संकटाचंही कारण होतंच), पण नंतर परतला. करार सैल होता म्हणून मोडायची वेळच आली नाही, असं मला वाटतं. सीटो नावाची, आग्नेय आशियाच्या संरक्षणासाठी अमेरिकेच्या पुढाकाराने उभी राहिलेली भारदस्त संघटना १९७७ मध्ये गुंडाळली गेली, हेही लक्षात घ्या.

आता इंडोनेशिया. ही सगळी मांडणी झाली तेव्हा धास्ती त्याचीच ताजी होती, त्याला आत कसं घेणार? त्याच्याशी जवळीक झाली ती आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेतून (१९६७), आणि तिथेही लष्करी युतीचं नाव काढलं नाही. खरं सहकार्य बऱ्याच उशिरा दिसलं. २००४ मध्ये मलाक्काच्या सामुद्रधुनीत इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूरच्या नौदलांनी समुद्री चाच्यांविरुद्ध समन्वयाने गस्त सुरू केली. प्रत्येकाची जहाजं आपापल्याच हद्दीत, फक्त माहिती एकमेकांना द्यायची. पुढच्या वर्षी हवाई गस्तही आली. लंडनच्या विमा बाजाराने जून २००५ मध्ये ही सामुद्रधुनी युद्धजोखमीच्या यादीत टाकली होती, ती ऑगस्ट २००६ मध्ये काढून टाकली.