इंदुरात अंध भाच्याला छोटी आर्थिक मदत कुठून मिळेल?

आधी यूडीआयडी कार्ड (सरकारचं अपंगत्वाचं ओळखपत्र), बाकी सगळं नंतर. त्यासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. 2016 च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याप्रमाणे सवलतींसाठी सहसा किमान 40 टक्के अपंगत्व लागतं. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर 3/60 पेक्षा कमी असेल (इतरांना 60 मीटरवरून दिसतं ते 3 मीटरवरूनही दिसत नसेल) तर ते अंधत्वच, थोडा उजेड दिसत असला तरी. (आमच्या काकांनी ‘मला दिसतं की!’ म्हणत दोन वर्षं घालवली.)

अपंगांना लागणाऱ्या उपकरणांसाठी केंद्राची ‘एडिप’ योजना आहे, उत्पन्नाची अट पाळून. एखाद्या धर्मादाय ट्रस्टकडे मागताना ‘मदत हवी’ असं मोघम लिहू नका. हार्मोनियम, टायपिंगचा क्लास, ब्रेल स्लेट, जे हवं ते नेमक्या किमतीसकट कोटेशन जोडून मागा. स्क्रीन रीडरवर (संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मात्र पैसे घालवू नका, एनव्हीडीए नावाचा फुकट आहे.