कॉस्प्ले शूट : कॅमेऱ्याआधी मदतनीस शोधा

तुमचा प्रश्न असा: कॉस्प्लेसाठी, म्हणजे आवडत्या काल्पनिक पात्राचं रूप घेण्यासाठी, फोमचं चिलखत, पाठीवर पंख, लांब विग आणि डोळ्यांत जांभळ्या लेन्स असा पोशाख तयार आहे, मित्र फोटो काढणार आहे, तर दोन तासांत पंधरा पोझ होतील का, आणि अशा शूटच्या पडद्यामागे नेमकं काय चालतं?

पंधरा होणार नाहीत. पाच-सहा चांगल्या होतील, त्याही सोबत तिसरं माणूस असेल तरच. कॅमेरा कोणता, लेन्स कोणती हे नंतर बघू. आधी मदतनीस शोधा. इतकी वर्षं शूट करून माझं हे मत पक्कं झालंय.

एकदा हातमोजे आणि दंडावरची कवचं चढली, की स्वतःचं स्वतःला काही करता येत नाही. बाटलीचं झाकण उघडत नाही, फोन बोटाला दाद देत नाही, नाकावर आलेली बट सारायला जावं तर मेकअप फिसकटतो. पंख असले तर नीट टेकून बसताही येत नाही. फोटोग्राफरचं लक्ष चेहऱ्यावर आणि प्रकाशावर असतं. कमरेचा पट्टा फिरलाय किंवा विगखालची जाळी कानापाशी डोकावतेय, हे त्याला घरी मोठ्या स्क्रीनवर दिसतं. तेव्हा उपयोग काय? ते तिथल्या तिथे टिपायला मोकळे डोळे लागतात.

एका शूटला माझं उजव्या खांद्याचं कवच तिसऱ्याच पोझला सुटून लोंबायला लागलं. चूक माझी होती. ईव्हीए फोम (चिलखताचा तो रबरासारखा फोम) जोडताना कॉन्टॅक्ट सिमेंट हा गोंद दोन्ही बाजूंना लावून, बोटाला ओलं लागेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबून जोडायचं असतं. मी आदल्या रात्री घाईत ओलंच जोडलं होतं. माझ्या मैत्रिणीने पिशवीतून दोन मोठ्या सेफ्टी पिना काढल्या, आतल्या इलॅस्टिकमधून घालून कवच कापडाला टाचलं, उघडी कड काळ्या टेपने झाकली आणि फोटोग्राफरला म्हणाली, "आता डावीकडूनच घे." सगळा प्रकार चार-पाच मिनिटांचा. पुढचे फोटो डावीकडून निघाले. ती नसती तर मी तिथूनच परत आले असते.

तेव्हापासून पिशवीत सेफ्टी पिना, दुहेरी चिकटपट्टी, काळी टेप, केसांच्या पिना, रुंद दातांचा कंगवा, टिश्यू आणि स्ट्रॉ असतातच. स्ट्रॉ विसरू नका, लिपस्टिक न बिघडवता पाणी पिता येतं. समोरचा स्वतःहून पाणी मागेल असं समजू नका. पोशाखातल्या माणसाला पोझच्या नादात तहान कळत नाही आणि फोममधून वारा अजिबात खेळत नाही. दर वीस मिनिटांनी मदतनीसाने स्ट्रॉ तोंडाशी धरायचाच. माणूस गप्प झाला, विचारलेल्याला उशिरा उत्तर देऊ लागला, की शूट थांबवून आधी डोक्यावरचं आणि छातीवरचं उतरवा. या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

लेन्सचंही तसंच. नंबर नसला तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून माप घेऊनच घ्या आणि दुसऱ्याच्या कधीही वापरू नका. मेकअपच्या आधी घालायच्या, मेकअप पुसायच्या आधी काढायच्या. आणखी एक गोष्ट पहिल्या वेळी माहीत नसते. गडद रंगीत लेन्सला मधे डोळ्याच्या बाहुलीपुरतं पारदर्शक वर्तुळ असतं. उजेड कमी झाला की बाहुली त्या वर्तुळापेक्षा मोठी होते आणि कडेने धुकं आल्यासारखं दिसतं. संध्याकाळी पायऱ्यांवर, दगडांवर मदतनीसाचा हात धरूनच चाला.

पोझचा क्रम पोशाख किती टिकेल त्यावर लावा. चेहऱ्याचे जवळचे फोटो सगळ्यात आधी, मेकअप ताजा असताना. मग कमरेपर्यंतचे, मग उभे पूर्ण. गुडघा टेकणं, उडी, जमिनीवर पडणं हे शेवटी, कारण गुडघ्या-कोपराशी फोम दुमडला की रंगाला तडे जातात आणि ते पुढच्या प्रत्येक फोटोत दिसतात.

प्रकाशाबद्दल थोडक्यात. सिंथेटिक विगवर समोरून थेट फ्लॅश मारला की केस प्लास्टिकचे दिसतात, म्हणून उजेड कशातून तरी गाळून, बाजूने द्या. मागून प्रकाश घेतला तर विगचा सुटा केस न् केस चमकतो. त्यासाठी प्रत्येक फोटोआधी कंगवा फिरवायचं काम पुन्हा मदतनीसाचंच. चेहऱ्याला कॅमेऱ्याची ८५ मिमी लेन्स छान. पंखांसाठी ३५ मिमी घेऊन खालून काढा, उंची वाढल्यासारखी वाटते. मात्र लेन्सच्या दिशेने आलेला हात अवाढव्य दिसतो, तलवार पुढे करायची असेल तर तेच कामी येतं. पोशाखात एलईडी असतील तर फ्लॅशसोबत १/२०० सेकंदाच्या शटरवर ते विझल्यासारखे येतात. कॅमेरा तिपाईवर ठेवून शटर १/३० च्या आसपास आणा आणि श्वास रोखून उभे राहा.

जागेची परवानगी आधी घ्या. नकली शस्त्र नेता-आणताना झाकून न्या.

फोटो टाकताना मदतनीसाचं, शिवणाऱ्याचं नाव लिहाच. १९३९ साली न्यूयॉर्कच्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट अॅकरमन आणि मर्टल डग्लस हे विज्ञानकथांचे दोन चाहते भविष्यातले पोशाख घालून गेले होते. कॉस्प्लेची सुरुवात सांगताना ते उदाहरण हमखास येतं. दोघांचेही पोशाख मर्टलने बनवले होते, तरी नाव बराच काळ अॅकरमनचंच पुढे राहिलं. मला हे खुपतं. आपल्या फोटोखाली तरी तसं होऊ नये.

घरी आल्यावर चिलखत लगेच पेटीत बंद करू नका, आतून घामाने ओलं असतं. पुसून उलटं ठेवा, विग स्टँडवर चढवा.

पंखांचे पट्टे फक्त खांद्यांवरून जातात की कमरेलाही बांधलेत, तेवढं कळवा. नुसत्या खांद्यांवर असतील तर दोन तासही जास्त आहेत, दर दोन पोझनंतर पंख उतरवावे लागतील.