दुसऱ्या महायुद्धातली जुनी जीप विकत घेऊन मूळ रूपात आणायची आहे. घ्यावी का? घेताना काय पाहावं?

तुम्ही लिहिलंय की नेवाशाजवळ एका शेतकऱ्याच्या वस्तीवर ‘महायुद्धातली अमेरिकन जीप’ उभी आहे, तो अडीच लाख मागतोय, कागद आहेत असं तोंडी सांगतोय आणि शनिवारी तुम्ही बघायला जाणार आहात. माझ्याकडे अशी एक आहे. २०१३ साली घेतली. तिच्यापायी काय काय झालं ते सांगतो, मग तुम्ही ठरवा.

पहिली गोष्ट म्हणजे ती महायुद्धातली आहे का ते बघा. बहुतेक वेळा नसते. विकणारा खोटं बोलत असतो असं नाही. आपल्याकडे पुढून चपटी दिसणारी प्रत्येक जीप ‘मिलिट्रीची’च असते. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने विलीज या अमेरिकन कंपनीच्या जीप सुटे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक दशकं त्याच घराण्यातल्या गाड्या इथेच बनवल्या. गावोगाव दिसतात त्या या. गाड्या उत्तम आहेत, पण युद्धातल्या नाहीत.

ओळखायची कशी? स्टिअरिंग डाव्या बाजूला हवं. पुढच्या जाळीला बहुतेक वेळा नऊ खाचा असतात, सात असतील तर ती नागरी जीप. हेडलाइट लहान आणि जाळीच्या मागे दबलेले असतात, आणि त्यांना बिजागरी असते, म्हणजे रात्री बॉनेट उघडून दिवा उलटा फिरवला की इंजिनावर उजेड पडतो. मागे उघडणारं फाळकं नसतं, सलग पत्रा असतो. डाव्या अंगाच्या पत्र्यावर फावडं आणि कुऱ्हाड बसवायला खोलगट जागा केलेली असते. पेट्रोल भरायला ड्रायव्हरला उठावं लागतं, कारण टाकी त्याच्याच सीटखाली असते. (माझी बायको पहिल्यांदा पंपावर हे पाहून उतरली, ती गाडी पंपाबाहेर येईपर्यंत परत बसली नाही.)

यातलं बरंचसं नंतर बसवता येतं, त्यामुळे खरी परीक्षा चेसिसची, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याची. या जीप दोन कारखान्यांनी बनवल्या. विलीजची ‘एमबी’, आणि विलीजच्याच नकाशावरून फोर्डने बनवलेली ‘जीपीडब्ल्यू’. १९४१ ते १९४५ या काळात दोघांच्या मिळून सहा लाखांहून जास्त निघाल्या. पुढच्या बंपरमागे रेडिएटरखाली वाकून बघा, चेसिसच्या दोन दांड्यांना जोडणारा आडवा तुकडा गोल पाइपाचा असेल तर विलीज, चौकोनी असेल तर फोर्ड. फोर्डचा चेसिस नंबर डाव्या दांडीच्या वरच्या बाजूवर थेट ठोकलेला असतो. विलीजची मात्र छोटी पट्टी रिबीट मारून आतल्या बाजूला लावलेली असायची, आणि ती बऱ्याचदा पडून गेलेली असते. फोर्डवाले तर बोल्टच्या डोक्यावरसुद्धा ‘एफ’ अक्षर उठवायचे. माझ्या जीपचे बोल्ट घासून ती अक्षरं शोधण्यात आमच्या दोन दिवाळ्या गेल्या, आणि खोटं कशाला सांगू, या छंदातला तेवढा आनंद मला गाडी चालवतानाही मिळालेला नाही.

टेप घेऊन पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मापा. ८० इंच भरलं पाहिजे. जास्त भरलं तर कुणीतरी चेसिस कापून लांब केलीय. वडापवाल्यांनी, म्हणजे सीटवर भाडं घेऊन माणसं नेणाऱ्यांनी, हे बऱ्याच जीपचं केलं. दहा माणसं बसायची तिथे सोळा बसवायची होती, त्यांचं काही चुकलं नाही, पण ती गाडी तुमच्या कामाची नाही.

आता माझी. श्रीरामपूरकडे एका गोठ्याशेजारी लिंबाखाली उभी होती, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. इंजिन मॅटाडोरचं डिझेल, गिअरबॉक्स नंतरच्या नागरी जीपचा, वायरिंग सहा व्होल्टचं बारा व्होल्ट केलेलं, मागे उसाची मोळी राहावी म्हणून कडी जोडलेली. पण चेसिस सरळ, माप ८० इंच, नंबर वाचता येत होता आणि आरसी बुकशी जुळत होता. मी एवढंच घेतलं असं समजा. बाकी सगळं मिळतं किंवा बनवता येतं. सरळ चेसिस आणि तिच्याशी जुळणारा कागद बनवता येत नाही, आणि बनवून देतो म्हणणाऱ्याकडून तर मुळीच घेऊ नये.

पत्र्याचं काम सुरू झालं तेव्हा डेंटरने हाक मारली, “साहेब, आत फळी आहे.” मला वाटलं कुणीतरी जुगाड केलाय. पण ते मूळचंच होतं. या जीपच्या तळपत्र्याखाली टोपीच्या आकाराच्या पट्ट्या असतात आणि कारखान्यातच त्यांच्या पोटात लाकूड भरलेलं असायचं. ते लाकूड पाणी पितं, ऐंशी वर्षं पीत राहिलेलं असतं, आणि पत्रा आतून खातं. वरून ठणठणीत दिसणारा तळ त्यामुळे खालून चाळण निघतो. फिलिपीन्समध्ये या जीपच्या नव्या कोऱ्या बॉडी आजही बनतात आणि जगभरातले हौशी त्या मागवतात. मी मागवली नाही. तळ नवा केला, बाजूचे पत्रे जुनेच ठेवले. डेंटर माझ्यावर अजून नाराज आहे, त्याच्या मते मी पैसे वाचवले नाहीत आणि काम मात्र वाढवलं. दोन्ही खरं आहे.

इंजिन मिळायला तीन वर्षं गेली. मूळचं ‘गो डेव्हिल’ म्हणजे २,१९९ सीसीचं चार सिलिंडर पेट्रोल इंजिन, ६० अश्वशक्ती. एका विहिरीवर पंपाला जोडलेलं सापडलं. ब्लॉकला तडा होता, तो शिवून घेतला, स्लीव्ह बसवल्या. ईएमईमधून, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागातून, निवृत्त झालेले एक काका माझ्या घराजवळ राहतात, त्यांनी ते बसवलं. सुट्या भागांचं म्हणाल तर या बाबतीत आपण भाग्यवान. तीच जात इथे इतकी वर्षं बनत राहिल्यामुळे ट्रान्सफर केसचे गिअर, पुढच्या एक्सलचे भाग, क्रॉस, कमानपाटे इथेच मिळतात. परदेशातले हौशीसुद्धा भारतात बनलेले भाग वापरतात. फक्त डब्यावर ‘ओरिजिनल’ लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका.

काकांनी एकदा मला ओरडून थांबवलं होतं, ते सांगायलाच हवं. लष्करी जीपची चाकं दोन तबकड्या नटांनी आवळून बनलेली असतात. टायरमध्ये हवा असताना ते नट सोडले तर तबकडी तोफगोळ्यासारखी सुटते. आधी व्हॉल्व्ह काढून पूर्ण हवा सोडायची, मगच पाना लावायचा. तुमच्या पंक्चरवाल्याला हे माहीत नसेल, तुम्हालाच उभं राहावं लागेल.

आणि रंग. या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त झोप घालवली. मूळ रूपात आणायची म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तो मातकट हिरवा रंग आणि बॉनेटवरचा पांढरा तारा येतो. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग द्यायचा नाही. अमेरिकन रंग ‘ऑलिव्ह ड्रॅब’, तो जास्त तपकिरी असतो, आपल्या लष्कराचा वेगळा, हे बारकावे तुम्ही आरटीओच्या अंगणात उभं राहून साहेबांना समजावू शकता. मी समजावून पाहिलंय. म्हणजे गाडी तुमची, इंजिन तुमचं, पण रंग सरकारचा.

मी बॉनेट ओल्या पॉलिशपेपरने हळूहळू घासलं. वर आकाशी, त्याखाली पांढरा, त्याखाली कुठल्यातरी निवडणुकीतली पिवळी पट्टी, लाल प्रायमर, आणि सगळ्यात खाली तो मातकट हिरवा. त्यावर आकडे होते, ‘२०’ ने सुरू होणारे. अमेरिकन सैन्यात जीपच्या बॉनेटवरचा नंबर २० नेच सुरू व्हायचा. पुढचे आकडे अर्धेच वाचता आले. त्या रात्री हिशेब केला. ही गाडी फौजेत असेल फार तर चार वर्षं. त्यानंतर सहासष्ट वर्षं तिने ऊस ओढला, वराती नेल्या, बाळंतिणी तालुक्याच्या दवाखान्यात पोचवल्या. मग मूळ रूप म्हणजे नेमकं कुठल्या सालचं? मी तिला आकाशीच केली, शेतकऱ्याने दिली होती तीच छटा. बॉनेटच्या आतल्या बाजूला आणि त्या आकड्यांवर वीतभर जागा तशीच उघडी ठेवलीय, वरून फक्त पारदर्शक लेप. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत शुद्धतावादी मंडळी तोंड वाकडं करतात. करू देत.

कागदांबद्दल थोडक्यात. जीप लष्कराकडून लिलावात सुटून थेट तुमच्याकडे येत असेल तर लष्कराने दिलेला फॉर्म २१ मधला मूळ विक्री दाखला लागतो. भंगार म्हणून लॉटमध्ये विकलेली गाडी रस्त्यावर आणायचा विचार सोडून द्या. तुमच्या शेतकऱ्याकडे आरसी बुक असेल तर ते प्रत्यक्ष बघा, झेरॉक्स नाही. डाव्या स्टिअरिंगची गाडी चालवायला बंदी नाही, पण कायद्याने चालू स्थितीतला इंडिकेटर लागतो, जो या जीपला मुळात नव्हता. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी निघालीय, नंबरात ‘व्हीए’ येतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, पुढच्या नोंदणीला ५,०००. पण त्यात दोन अटी बघून ठेवा. चेसिस, बॉडी, इंजिन बदललेलं चालत नाही, आणि गाडी मेळावा, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. तुम्हाला रविवारी मुलांना भंडारदऱ्याला न्यायचं असेल तर साधी नोंदणीच सांभाळा.

खर्च? मला गाडीच्या किमतीच्या अडीचपट दुरुस्तीला लागला, आणि तो दहा वर्षांत पसरला म्हणून कळला नाही. पेट्रोल लिटरला सहा-सात किलोमीटर. सध्याच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबर फुगतात, म्हणून इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा आणि सगळे पाइप नव्या जातीचे टाका. टाकी कुठे आहे ते आठवा. डॅशबोर्डवरची पट्टी सांगते की टॉप गिअरमध्ये ताशी ६५ मैल. मी ५० किलोमीटरच्या पुढे जात नाही. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, म्हणजे गाडी थांबल्याशिवाय तो सहज पडत नाही, ब्रेक जुन्या पद्धतीचे ड्रम, आणि हँडब्रेक चाकांना नाही तर मागच्या शाफ्टला लागतो.

जोंगा घेऊ का, असंही तुम्ही विचारलंय. जबलपूरला लष्करासाठी बनलेली, निसानच्या नकाशावरची, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. दमदार गाडी, पण पेट्रोल पिण्यात जीप तिच्यापुढे उपाशी वाटेल. कागद नीट असलेली भारतीय लष्करी जीप मिळाली तर मात्र नाक मुरडू नका. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरण भागात आपल्या अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले ते जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने. पांढरा तारा नसला म्हणून लष्करी जीप कमी प्रतीची होत नाही.

तुम्ही नेवाशाला जाणारच आहात तर आदल्या दिवशी नगरचं रणगाड्यांचं संग्रहालय बघून घ्या, लष्करी रंग आणि त्यावरचं लिखाण डोळ्यांत बसेल. वस्तीवर जाताना टेप, विजेरी, वायर ब्रश, थोडं रॉकेल आणि एक चुंबक न्या. चुंबक पत्र्यावरून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुटी) भरलीय. मग डाव्या दांडीवरचा चिखल खरवडा, रॉकेलने पुसा आणि नंबर आरसी बुकाशेजारी धरून एकेक आकडा मोठ्याने वाचा. जुळला तर दोन लाखांपासून बोलणी सुरू करा. नाही जुळला तर चहा प्या आणि परत या.